ॲन आर्बरचं ब्रायटन

ब्रायटनमध्ये मी रस्ता चुकले याचं सगळं खापर मी आमच्या काकांवर फोडते, आणि काकाही ते हसत डोक्यावर घेतात.

सप्टेंबरातली संध्याकाळ होती. ऑफिसच्या कामासाठी मी अमेरिकेतल्या फ्रीमाँटहून लंडनला आले होते. काम आटोपलं, रजा टाकली आणि गाडीने ब्रायटनला उतरले. काका अमेरिकेहून आदल्या दिवशीच येऊन केम्पटाऊन नावाच्या भागात, समुद्राजवळच्या एका छोट्या गेस्ट हाऊसमध्ये उतरले होते. "घ्यायला येऊ का स्टेशनवर?" असं त्यांनी फोनवर विचारलं तेव्हा मी चक्क फिस्सकन हसले. "काका, मला ब्रायटनचा रस्ता सांगता? चार वर्षं राहिलेय मी ब्रायटनमध्ये!"

फोनमधला नकाशा उघडणं मला कमीपणाचं वाटलं. काकांनी घालून दिलेला नियम मला पाठ होता: संध्याकाळचं ऊन डोळ्यांवर आलं की समजायचं, आपण केम्पटाऊनकडे चाललोय. ऊन उजवीकडच्या रस्त्यावर होतं, म्हणून मी समुद्रापर्यंत न जाताच उजवीकडे वळले आणि बॅग ओढत चालत सुटले. दुकानं मागे पडली, रस्ते रुंद झाले, आणि शेवटी मी एका लांबलचक हिरवळीवर येऊन पोचले. पलीकडे समुद्र, अलीकडे लाकडी खोपट्यांची रांग, एकेकाला एकेक रंग. केम्पटाऊनमध्ये असली खोपटी असल्याचं काका कधी बोलले नव्हते. मी फोन लावला.

"अगं, ते होव्ह!" काका ओरडले. "उलटी गेलीस तू पोरी! एकदम उलटी!"

"असं कसं काका? सूर्य तर इकडेच मावळतोय."

पलीकडून अगदी हळू आवाजात, "सूर्य होव्हला बुडून राहिला?"

"हो. माझ्यासमोर."

"म्हणजे तो इकडे होव्हला बुडते! मी साफ विसरून गेलो होतो." आणि मग ते जे हसत सुटले, ते मी टॅक्सी करून त्यांच्या दारात पोचेपर्यंत हसतच होते.

मी चार वर्षं ब्रायटनमध्ये राहिले, ती अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बरमध्ये. हे वेड्यासारखं वाटेल, पण काकांच्या घरात राहून गेलेला कुठलाही भाडेकरू हेच सांगेल. विद्यापीठात पीएच.डी. करायला गेले तेव्हा एका सीनियर मुलीने पत्ता दिला. "घर छान आहे, काकू जेवायला घालतात, काका थोडे… तू बघशीलच." दाराशी गेले तर पाटी: सी व्ह्यू. ॲन आर्बरपासून खरा समुद्र गाठायचा तर गाडी हाकता हाकता दिवस मोडतो. माझ्या खोलीच्या खिडकीतून शेजाऱ्यांचं गॅरेज आणि त्यावर लटकलेली बास्केटबॉलची जाळी दिसायची. मी पहिल्याच दिवशी शहाणपणा करून विचारलं, "काका, व्ह्यू कुठाय?"

"दिसेल," काका म्हणाले. "आधी बॅग ठेव."

काका मूळचे नागपूरकडचे, एका लहानशा गावातले. गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले. ठेंगणे, गोल, डोक्यावर कायम लोकरीची टोपी, उन्हाळ्यातसुद्धा. तरुणपणी शिष्यवृत्तीवर एक वर्ष ब्रायटनला शिकायला होते. त्यानंतर नोकरी मिळाली ती थेट मिशिगनमध्ये, आणि मग ते परत कधीच तिकडे गेले नाहीत. एक वर्ष! लोक एका गावात सगळा जन्म काढतात आणि त्यांना नगरपालिका कुठे आहे ते ठाऊक नसतं. काकांनी त्या एका वर्षावर उरलेलं आयुष्य काढलं.

त्यांनी अख्खं ब्रायटन उचलून ॲन आर्बरवर अंथरलं होतं. गावाच्या उत्तरेला ह्यूरॉन नदी वाहते, ती समुद्र. नदीवरचा कनू नावाच्या होड्या भाड्याने देणारा लाकडी धक्का म्हणजे पिअर, ब्रायटनचा समुद्रात शिरलेला लांब धक्का. शनिवारी शेतकरी बाजार भरतो त्या बाजूचे बोळ म्हणजे लेन्स, ब्रायटनच्या जुन्या गल्ल्या. नदीकडे तोंड करून उभं राहिलं की उजवा हात होव्ह, डावा हात केम्पटाऊन. मुलं बर्फात घसरगुंड्या करतात ती टेकडी म्हणजे डाऊन्स, आणि हायवेपलीकडचा पेट्रोल पंप रॉटिंगडीन. दातांच्या दवाखान्याच्या इमारतीला एक उगाचच घुमट आहे, ते झालं पॅव्हेलियन. खऱ्या ब्रायटनचा समुद्र दक्षिणेला आहे आणि आमची नदी उत्तरेला, त्यामुळे सगळं गाव गरकन फिरवल्याखेरीज बसेना. काकांनी फिरवलं. फक्त सूर्य काही त्यांना फिरवता आला नाही, आमच्याकडे तो केम्पटाऊनलाच मावळायचा, पण त्याची आठवण कोणाला होणार?

नवीन आलेला भाडेकरू पहिला आठवडा गोंधळायचा. "होव्हला जाऊन कोथिंबीर घेऊन ये" म्हटल्यावर एका बंगळूरच्या मुलाने फोनवर होव्ह शोधलं होतं आणि फोनने त्याला विमानाची तिकिटं दाखवली होती. महिनाभरात मात्र सगळे सुतासारखे सरळ व्हायचे. विद्यापीठात एकदा एका प्रोफेसरबाईंनी मला बसस्टॉप विचारला, तर मी बिनधास्त "पॅव्हेलियनच्या समोर" असं सांगून मोकळी झाले.

त्या पॅव्हेलियनवरून काकांना छेडायला मला मजा यायची. "दुसऱ्याचं गाव असं न विचारता आणायचं असतं का?"

"खरं पॅव्हेलियन काय आहे, ठाऊक आहे का तुला?" काका बाह्या सरसावायचे. "समुद्रकाठी इंग्रजांच्या राजाचा महाल. वर सगळे घुमट आणि मनोरे आपल्याकडचे. आणि बांधणाऱ्याने हिंदुस्थान पाहिला नव्हता म्हणतात! त्यांनी आपलं न बघता उचललं. मी त्यांचं एक वर्ष राहून, नीट बघून उचललं. कोण बरं?"



घराचे नियमही तिकडचे. ब्रायटनच्या त्यांच्या घरमालकीणबाई म्हणे फार कडक होत्या. त्यांचे सगळे नियम काकांनी वारसाहक्काने घेतले होते. चार वाजता चहा, खाली उतरून, सगळ्यांनी. रविवारी सकाळी इंग्लिश ब्रेकफास्ट, म्हणजे टोस्टवर डब्यातले बीन्स, आणि त्या बीन्सवर काकूंच्या हातचा ठेचा. खिडकीत "जागा नाही" अशी पाटी, एक खोली कायम रिकामी असली तरी. "रिकामी कशी?" काका विचारायचे. "कोणी अडचणीत आलं तर कोठं जाईल ते?" आणि खरोखर, त्या खोलीत कोणी ना कोणी अडचणीतलं येऊन राहायचंच. बुद्धपौर्णिमेला मोठ्या पातेल्यात खीर व्हायची आणि गावातले निम्मे विद्यार्थी, मराठी असोत नसोत, त्या जिन्यावर वाट्या घेऊन बसलेले असायचे. फोन उचलला की काका आधी "जय भीम" म्हणायचे आणि मग "सी व्ह्यू". आम्हालाही तसाच फोन उचलायची सवय लागली.

आणखी एक होतं. काकांकडे ठेवलेली वस्तू हरवत नसे. शिक्षण संपवून गेलेल्या मुलामुलींच्या बॅगा, हिवाळ्याचे कोट, एकाची गिटार, एकीची लग्नाची साडी, सगळं तळघरात, प्रत्येकावर नाव चिकटवून. कोणी किती वर्षांनी परत येवो, वस्तू तशीच्या तशी हातात. "माझ्याकडून आजपर्यंत कोणाचं काही गेलं नाही," ते छाती काढून म्हणायचे. ही त्यांची एकच बढाई होती आणि ती आम्ही मनापासून ऐकून घ्यायचो. तिच्यामागे काय आहे ते मला पुढे लेक मिशिगनच्या काठावर कळलं.

उन्हाळ्यात एकदा काका आम्हा सगळ्या भाडेकरूंना मोठी व्हॅन भाड्याने घेऊन तळ्यावर घेऊन गेले. तळं म्हणायचं आपलं, पलीकडचा काठ दिसत नाही आणि लाटासुद्धा येतात. काकांनी काठावर उभं राहून नाक वर केलं, दोनदा हुंगलं, आणि निकाल दिला. "याला समुद्र म्हणू नका. वास कोठं आहे?" आम्ही कपडे वाळूवर टाकून पाण्यात धावलो. काका दुमडती खुर्ची लावून, टोपी घालून, आमच्या कपड्यांच्या ढिगाऱ्याशेजारी बसले. मी थोड्या वेळाने कुडकुडत बाहेर आले आणि टॉवेल गुंडाळून त्यांच्या बाजूला बसले.

"तुम्ही का नाही आलात?"

"कपडे कोण सांभाळेल?"

"काका, इथे कोण चोरतंय आमच्या फाटक्या जीन्स!"

ते हसले नाहीत. पाण्याकडे बघत म्हणाले, "ब्रायटनलाही मी कपडेच सांभाळले."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या नेहमीच्या ब्रायटन-पुराणात कधीच आलं नव्हतं. नागपूरकडच्या त्यांच्या गावात तलाव होता. काकांच्या वस्तीतल्या पोरांना त्यात उतरायची बंदी. गावातले बाकीचे पोट्टे पोहायचे आणि काकांना काठावर बसवायचे. कपड्यांवर लक्ष ठेव, गुरं आली तर हाकल. "पण हात लावू नको म्हणायचे. हात न लावता सांभाळायचे! कशी गंमत आहे पाय," काका म्हणाले. गावाचा विषय निघाला की त्यांच्या तोंडी 'पाहा'चं 'पाय' व्हायचं. "मी भल्ला इमानदारीनं बसायचो. कोणाचा सदरा कधी हरवला नाही."

"आणि ब्रायटनला?"

"तिथे मला कोण अडवणार होतं? क्लासमधले सगळे समुद्रात. मला बोलावून राहिले, कम ऑन, कम ऑन. आणि माझ्या तोंडून काय निघालं? यू गो, आय विल माइंड द क्लोद्स. वर्षभर रोज संध्याकाळी गेलो त्या काठावर. पाण्याला बोट लावलं नाही. गावात मला गावानं बसवलं होतं पोरी. तिथे माझा मीच बसलो. ते मला जास्त लागलं."

मला फार वाईट वाटलं. रागही आला, आणि तो कोणाकोणावर काढावा ते कळेना. धीर देणारं काहीतरी बोलावं तर ते मला कधीच जमत नाही, माझी जीभ तिखटच. मी म्हटलं, "मग शिका की पोहायला. जा तिथे आणि घ्या उडी. कोणी थांबवलंय?"

"या वयात?"

"मग काय, पुढच्या जन्मी? तुम्ही तर पुढचा जन्मही मानत नाही!"

यावर मात्र ते असे हसले की खुर्ची वाळूत कलंडली.

मी पीएच.डी. संपवून फ्रीमाँटला नोकरीला लागले. तिकडे माणसं सकाळी फ्रीवेवर जातात, संध्याकाळी फ्रीवेवरून येतात आणि मधल्या वेळात शाळांच्या रेटिंगबद्दल बोलतात. काकांचा फोन यायचा, हवापाणी सांगायचे, "आज समुद्र गोठला" वगैरे. आणि एके दिवशी फोन आला तो असा: "जय भीम, सी व्ह्यू. आज मी तोंड पाण्यात घातलं."

मोठ्यांच्या पोहण्याच्या वर्गात जागा नव्हती, म्हणून काकांनी सार्वजनिक तलावावर लहान मुलांच्या वर्गात नाव घातलं होतं. पाच-सहा वर्षांची पोरं, आणि त्यांच्यामध्ये टोपीवाले काका. टोपी आता रबराची, एवढाच फरक. पाण्यात बुडबुडे काढायचे, कडेला धरून पाय मारायचे. एक मराठी घरातला चिमुरडा त्यांचा गुरू झाला होता. "काका, यू हॅव टू पुट युअर होल फेस इन!" असं तो सगळ्यांसमोर दटावायचा. पहिली पायरी पार केल्याबद्दल मुलांना बेडकाचं स्टिकर मिळालं, तसं काकांनाही मिळालं. काकूंनी ते फ्रिजवर लावलं आणि खाली बसून पोट धरून हसल्या. पुढे काका तरंगले, मग हात मारले, मग एकदा न थांबता तलावाच्या या टोकापासून त्या टोकाला गेले. त्या दिवशी फोनवर ते नुसतेच श्वास घेत होते, बोलता येईना.

माझं लंडनचं काम निघालं तेव्हा मी त्यांना सहज सांगितलं. दोन दिवसांत त्यांनी तिकीट काढलं. काकूंना मी फोन केला, तुम्हीही चला. काकू म्हणाल्या, "मी कायले येऊ बाप्पा? लग्न झालं तेव्हापासून मी ब्रायटनमध्येच तर राहून राहिली. भाजीला होव्ह, दाताला पॅव्हेलियन. आता विमानात बसून पुन्हा तिथेच जाऊ?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू जा त्यांच्यासोबत. एकटे गेले तर बघून परत येतील. त्यांना पाण्यात उतरव."

म्हणजे मी ब्रायटनला गेले ती काकूंनी सोपवलेल्या कामगिरीवर, आणि पहिल्याच संध्याकाळी होव्हला पोचून नापास झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहण्याचे कपडे आतून घालून तयार. काका खाली आले ते छत्री घेऊन. "आधी पॅव्हेलियन पाहू," म्हणाले. पाहिलं. खरे घुमट पाहून मला आमच्या दातांच्या दवाखान्याची आठवण आली आणि काका खऱ्या घुमटांमध्ये खोट काढत बसले. "आमचा जास्त गोल आहे." मग लेन्स पाहिल्या, दोन माणसं आमनेसामने आली तर एकाने पोट आत ओढावं इतक्या अरुंद. काका प्रत्येक वळणावर "इथे ना…" करून थांबायचे आणि तिथे आता भलतंच दुकान असायचं. मग चिप्स झाल्या, व्हिनेगर घालून. त्यातल्या निम्म्या एका धटिंगण सीगल पक्ष्याने माझ्या हातातून उडवल्या. समुद्र सगळा दिवस आमच्या बरोबरीने चालत होता. संध्याकाळी मी म्हटलं, "काका, पाणी?" त्यांनी लाटांकडे डोळे बारीक करून पाहिलं. "आज लाटा बरोबर नाहीत."

तिसऱ्या दिवशी भरती बरोबर नव्हती. म्हणून बसने रॉटिंगडीन. खरं रॉटिंगडीन म्हणजे समुद्रकाठच्या पांढऱ्या कड्यांजवळचं जुनं देखणं गाव. हे पाहून मला आमच्या पेट्रोल पंपाबद्दल काकांना जाब विचारावासा वाटला. दुपारी ते मला ब्रायटनमागच्या टेकड्यांवर, म्हणजे खऱ्या डाऊन्सवर, घेऊन गेले, कुरणातून, मेंढ्यांच्या मधून. तिथे एक पांढरी संगमरवरी छत्री आहे, स्मारकावर बांधतात तशी. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन आलेल्या आपल्याकडच्या सैनिकांवर त्या पॅव्हेलियनमध्येच उपचार होत, आणि जे वाचले नाहीत त्यांतल्या हिंदू आणि शीख जवानांना इथे अग्नी दिला. काकांनी टोपी काढली. मी त्यांना टोपीशिवाय तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. खाली लांबवर समुद्र चमकत होता.

"किती लांब आले होते," काका म्हणाले. मग टोपी घालून, माझ्याकडे न बघता, "उद्या जाऊ पाण्यात."

उद्या म्हणजे शेवटचा दिवस. दुपारच्या गाडीने मला लंडन गाठायचं होतं. सकाळी आम्ही पिअरच्या पूर्वेला, जिथे लोक पोहतात तिथे गेलो. ब्रायटनच्या किनाऱ्यावर वाळू नाही, सगळे गोटे, अनवाणी चालायचं म्हणजे शिक्षाच. काकांनी कपडे काढले, आत पोहण्याची चड्डी होतीच. लोकरीची टोपी काढून रबराची चढवली. कपड्यांच्या घड्या घातल्या. बूट शेजारी लावले, बुटांत मोजे गुंडाळून ठेवले. मग त्या ढिगाशेजारी बसले आणि गोटे निवडायला लागले.

"काका."

"थांब ना. जरा पाणी पाहू दे."

तेवढ्यात विद्यार्थ्यांचं एक टोळकं आलं, हसत खिदळत. बॅगा टाकल्या, कपडे टाकले आणि एका मुलीने काकांकडे पाहून, अगदी गोड आवाजात, इंग्लिश अदबीने विचारलं, "एक्स्क्यूज मी, तुम्ही इथेच बसणार आहात का? जरा आमच्या सामानाकडे लक्ष ठेवाल?"

आणि काकांची मान हलली. आपोआप. "ऑफ कोर्स," ते म्हणाले, "यू गो."

पोरं पाण्यात गेली. काकांनी त्यांच्या बॅगा आपल्या ढिगाजवळ ओढून घेतल्या, एक उलटा पडलेला बूट सरळ केला आणि मांडी घालून बसले, पाठ ताठ. माझं टाळकंच सरकलं. त्या मुलीवर नाही, तिला बिचारीला काय ठाऊक. "झालं काका?" मी म्हटलं. "एवढ्यासाठी आलात? बेडकाचं स्टिकर फ्रिजवरून काढून टाकायला सांगू काकूंना?"

ते त्या ढिगाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हे रडतील, आणि मी किती दुष्टपणे बोलले म्हणून माझाच जीव कासावीस झाला. मी त्यांचा हात धरणार, तोच ते गोट्यांवर हात टेकून उठले. तोंडाशी दोन्ही हात धरून पाण्यातल्या पोरांना त्यांनी अशी आरोळी ठोकली की पिअरवरची माणसं वळून पाहायला लागली.

"सॉरी! आय कान्ट! आय ॲम कमिंग इन!"

दिलेला शब्द मोडताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पोरांना काही कळलं नाही, पण त्यांनी पाण्यातून आनंदाने हात हलवले. काका चालायला लागले. गोटे टोचत होते, ते "आई गं, आई गं" करत, दोन्ही हात पसरून, वेडेवाकडे पाय टाकत खाली जात होते. पाण्याच्या कडेशी पोचले, थांबले. एक लाट आली आणि त्यांच्या घोट्यांवरून गेली. काका खाली वाकले, एक बोट पाण्यात बुडवलं आणि जिभेला लावलं. मग पुढची लाट आली ती कमरेपर्यंत, आणि तिच्या मागची त्यांना आडवं पाडून गेली. मी किंचाळत उठले. पण रबरी टोपी वर आली, तोंड वर आलं, आणि एवढ्या मोठ्या समुद्रात काका हात मारू लागले. तलावात शिकले होते तसे, अगदी नियमात, तोंड पूर्ण पाण्यात घालून.

मी कपड्यांपाशी उभी होते. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसलंही नाही.

"ये ना!" काका पाण्यातून ओरडले.

"कपडे कोण सांभाळणार?" माझ्याही तोंडून तेच निघालं.

"कोणीच नाही!" काका म्हणाले. "ये!"

मग मीही गेले. पाणी बर्फासारखं होतं. छातीइतक्या पाण्यात मी काकांजवळ पोचले तेव्हा ते समुद्राकडे बघतच नव्हते. पाठ फिरवून किनाऱ्याकडे बघत होते. तिथे आमचे कपडे, त्या पोरांचे कपडे, बॅगा, बूट, सगळा ढीग उघड्यावर पडला होता. बाजूला माणूस नाही. एक सीगल तेवढा तपासणी करत फिरत होता.

"पाय तिकडे," काका म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. "तिथे कोणी बसलं नाही."

आम्ही बाहेर आलो तेव्हा काकांचा एक मोजा गेला होता. सीगलने नेला की वाऱ्याने, देव जाणे. मी शोधायला निघाले तर त्यांनी मला थांबवलं. एका पायात मोजा, दुसरा पाय तसाच बुटात कोंबून ते केम्पटाऊनच्या चढावरून माझ्यापुढे चालत राहिले, आणि चालता चालताच त्यांनी ॲन आर्बरला फोन लावला. काकूंनी पाणी कसं होतं असं विचारलं असावं. काकांनी ते ऐकलंच नाही.

"अगं, माझा मोजा हरवला!" ते भर रस्त्यात ओरडत होते. "खरंच हरवला! सांभाळायला कोणीच नव्हतं ना!"